सल्ला हवा: पाठीवर सॅक, मालवणात मुक्काम आणि तिथल्या माणसांशी ओळख

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आठवडाभराची सुट्टी मंजूर झाली आहे. पाठीवर एक सॅक, एसटी आणि स्वतःचे पाय एवढ्यावर सिंधुदुर्गचा किनारा बघायचा आहे. मी मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. समुद्र आजवर फक्त कॉलेजच्या सहलींत पाहिला. दोन तास वाळूत, मग शिट्टी वाजली की बसमध्ये.

एकटीच जाणार आहे. स्कूबा वगैरे जमलं तर करेन, पण त्यासाठी जात नाहीये. तिथं राहणाऱ्या माणसांशी खरी ओळख व्हावी, पुढच्या वेळी गेले तर कुणीतरी नावानं हाक मारावी, एवढी मनापासून इच्छा आहे. मालवण परिसर पक्का आहे, बाकी काहीच ठरलेलं नाही. राहायचं कुठे, किती गावं करायची, एकट्या मुलीला तिथं कसं वाटतं, मालवणी येत नसेल तर अडतं का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

उनाड_पावलं

मस्त बेत! माझ्या मते देवगडपासून सुरुवात करा. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली, भोगवे, निवती, वेंगुर्ले. प्रत्येक ठिकाणी एक रात्र. पूर्ण किनारा होतो. शनिवार-रविवारी तारकर्लीला जाऊ नका, गाड्यांची रांग लागलेली असते. मित्रच हवे असतील तर गोकर्णचाही विचार करा, तिथल्या हॉस्टेलांत एका संध्याकाळीत दहा जणांशी गप्पा होतात.

खारे_वारे

गोकर्णच्या हॉस्टेलात ओळखी होतील, पण त्या बंगळूरच्या आणि पुण्याच्या लोकांशी. धागाकर्तीला किनाऱ्यावरची माणसं हवी आहेत. आणि रोज सॅक भरायची, रोज नवी खोली शोधायची, यात ओळख कुणाशी होणार? पहिल्या दिवशी तुम्ही पाहुणे असता. दुसऱ्या दिवशी लोक बघून हसतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हटकून विचारतं, "खयसून इलंस गो? कोणाकडे रवलंस?" म्हणजे कुठून आलीस, कुणाकडे राहिलीस. खरी सुरुवात तिथून होते, आणि तुमच्या बेतात तेव्हा आपण पुढच्या गावच्या एसटीत बसलेलो असतो.

मी मालवणचाच, म्हणून स्पष्ट सांगतो. एकच वाडी धरा. दांडी, वायरी, चिवला, देवबाग, कुठलीही चालेल. सगळी सुट्टी तिथंच राहा आणि रोज ठरावीक वेळी किनाऱ्यावर जा.

चिवल्याला किंवा दांडीला सकाळी रापण लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते आणि दुसरा दोर लांब पलीकडे किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडची माणसं ओढत ओढत जवळ येतात. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. रापणीचे संघ असतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. ओढायला माणसं कमी असली तर हात लावणाऱ्याला कुणी नको म्हणत नाही. जाळं वर आलं की मदतीला आलेल्याच्या हातावरही थोडी मासळी ठेवतात. घ्यावी. ती नाकारणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी मालवण बंदरावर जा. होड्या लागतात, वाळूतच मासळीचे ढीग मांडतात आणि लिलाव पुकारतात. सुरमई, सरंगा, बांगडा, मोरी, त्या दिवशी जे असेल ते. बोली लावणाऱ्यांत बायका पुढे असतात. पहिल्या दिवशी बाजूला उभं राहून फक्त बघा, फोन खिशात ठेवा. दोन संध्याकाळी चेहरा दिसला की एखादी मावशी स्वतःहून माशांची नावं सांगायला लागेल.

बोलण्यात पर्ससीन (मोठ्या यांत्रिक बोटींची, माशांचा थवाच घेरणारी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा विषय निघेलच. पारंपरिक मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे तो. नीट ऐकून घ्या, मत द्यायची घाई करू नका.

माहेर_आचरा

खारे_वारेंना शंभर टक्के अनुमोदन. गोदाकाठ, तुझ्या वयाची भाची आहे मला, म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना?

एकट्या मुलीसाठी सांगते. हॉटेल नको, घरगुती निवास-न्याहारी बघ, जिथं घरमालकीण स्वतः स्वयंपाक करते. फोन करताना थेट विचार, "मी एकटी आहे, घरात बायकामाणसं आहेत ना?" यात संकोच कसला! बोलण्याच्या सुरावरूनच घर कळतं. शक्यतो सोमवारी पोच. रविवारची गर्दी ओसरलेली असते आणि घरच्यांना तुझ्याशी बोलायला उसंत असते.

दुपारचं जेवण सकाळीच सांगून ठेवायचं. वाटप, म्हणजे ओल्या खोबऱ्याचा वाटलेला मसाला, ताजं करतात, मासळी बघून आणतात, ऐनवेळी सांगून चालत नाही. सोमवारी बऱ्याच घरांत मासे नसतात, तेव्हा अमुकच हवं असा हट्ट नको. आणि पडवीत बसून खोबरं खवायला, तांदूळ निवडायला लाग. माझ्या माहेरी आलेल्या कितीतरी मुली अशाच घरच्या झाल्या. आईकडे अजून त्यांचे फोन येतात.

मालवणी पहिल्या दिवशी भरभर वाटेल, पण कानावर पडत राहिली की कळते. सगळ्यांना मराठी उत्तम येतं. ओढूनताणून मालवणी बोलायला मात्र जाऊ नकोस. सिनेमातली नक्कल केल्यासारखं वाटतं आणि लोकांना ते टोचतं. घरातली कुणी शिकवली तर जरूर शीक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारी म्हणजे जत्रांचे दिवस. कार्तिकापासून गावोगाव दहिकाले सुरू होतात. देवळासमोर रात्री उशिरा दशावतार, म्हणजे इथलं पारंपरिक लोकनाट्य, उभा राहतो तो उजाडेपर्यंत. तिकीट नाही. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट तिथल्या तिथे रचतात. बायकांची कामं पुरुष करतात, आणि ती इतक्या डौलात की बघत राहावं. हार्मोनियम, पखवाज आणि झांज. सुरुवातीला आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो, संकासूर येतो, मग आख्यान. आज कुठं दहिकालो आहे हे दुकानात विचारलंस तरी सांगतील. रात्री परतीची एसटी नसते म्हणून घरच्यांबरोबरच जा. अंगावर शाल घे, खाली बसायला चटई. अख्खी रात्र शेजारी बसलेल्या बाईशी सकाळी चहा पिताना अनोळखीपणा राहत नाही.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा याच सुमाराला असते. तिची तारीख देवीला कौल लावून ठरते, पंचांगात सापडायची नाही. तुझ्या सुट्टीत आलीच तर आनंदच, पण मुंबईहून लाखांनी लोक येतात आणि खोल्या अजिबात मिळत नाहीत. निघण्याआधी तारीख बघून घे.

गोदाकाठ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! ताई, अगं-तुगंच करा. एकाच वाडीत राहायचं ठरवलं. दोन शंका आहेत. मी शाकाहारी आहे. मासेमारांच्या घरी राहून मासे खायचे नाहीत, हे त्यांना अपमानासारखं वाटेल का? आणि रापणीला मी मध्येच घुसले तर अडचण नाही ना व्हायची? त्यांचं ते रोजचं काम, माझी हौस म्हणून त्यात लुडबूड नको.

माहेर_आचरा

अपमान कसला! घरात कुणाचा ना कुणाचा उपास असतोच. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे माग, कुळथाची पिठी आणि भात माग. सकाळी घावणे किंवा आंबोळी. ओल्या काजूची उसळ त्या दिवसांत मिळायला लागते, मिळाली तर सोडू नकोस. सोलकढी आहेच. फक्त खोली ठरवतानाच सांग, म्हणजे तव्यापासून सगळं वेगळं ठेवता येतं. पण एकाच स्वयंपाकघरात मासळी शिजणार, तो वास तुला चालायला हवा. चालत नसेल तर आधी कळव, त्याही वाड्यांत शाकाहारी घरं आहेत.

रापणीत मिळालेली मासळी घरमालकिणीला आणून दे. तिच्या चेहऱ्याकडे बघ तेव्हा.

खारे_वारे

हा प्रश्न विचारलात याचं फार बरं वाटलं. म्हणून जरा खोलात लिहितो.

आधी सरळ विचारा, "काका, दोर धरू का?" नको म्हणाले तर बाजूला उभं राहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. धर म्हणाले तर ज्या जागी उभं करतील तिथंच राहा आणि त्यांच्या तालावर ओढा, स्वतःच्या जोरावर नाही. दोरानं तळहात सोलतो, तेव्हा ते कापड देतील ते गुंडाळा. दोर लागला असताना मध्येच सोडून फोटो काढायला जायचं नाही. फोटो शेवटी, विचारून. आणि नंतर ते पाठवायचे, हे फार महत्त्वाचं. आमच्या किनाऱ्यावर हजारो फोटो निघतात, एकही परत येत नाही. कागदावर छापून पोस्टानं पाठवलेला फोटो घरात भिंतीवर लागतो.

वाळूत पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घालून जा. होडीत चढताना चप्पल काढा. बायका मासळी सुकवत असतील तर वाऱ्याच्या बाजूनं वाळू उडवत चालू नका.

रापणीची वेळ घड्याळावर ठरत नाही. मासळी दिसली, पाणी योग्य असलं की लागते. भरती-ओहोटीचा अंदाज यावा म्हणून आमच्याकडचा ढोबळ हिशेब देतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. दांडीसमोरच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, पण हा हिशेब करून एकट्यानं निघायचं नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाजवळ पोहू नका. वरून शांत दिसतं, खाली ओढ जबर असते.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होडीनं जा. 1664 साली पायाभरणी झालेला हा किल्ला लोक तासाभरात उरकतात आणि परतीच्या होडीकडे पळतात. आत आजही काही कुटुंबं राहतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. परतीच्या होडीची वेळ वाढवून मागा, कोकम सरबत घेऊन तिथल्या एखाद्या आजींजवळ बसा. किल्ल्यावर पावसाळा कसा काढतात ते त्यांच्याच तोंडून ऐका.

सागरी_सायकल

थोडा वेगळा सूर. मालवण शहर आणि तारकर्ली आता पर्यटनावर इतकं चालतं की वाडीतल्या माणसालाही उसंत नसते. तोंडवळी-तळाशील किंवा निवती बघा. तळाशीलला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये माडांची वाडी. दुकानं मोजकी, त्यामुळे रोज त्याच माणसाशी बोलणं होतं. वाहनं कमी आहेत ही अडचण खरी, पण पायी फिरणाऱ्याला ती सोयीची.

खारे_वारे

सायकलराव, मुद्दा बरोबर आहे. पण पहिल्यांदा एकटीनं येणाऱ्या मुलीला एसटी, दवाखाना, एटीएम हाताशी असलेलं बरं. मालवणात ओळख झाली की तीच माणसं सांगतील, तळाशीलला आमची मावशी असते, तिच्याकडे जा. आमच्याकडे दुसरं गाव असंच उघडतं.

गोदाकाठ

ठरलं. चिवल्याजवळ घर शोधते, सोमवारी पोचेन. शेवटची एक दिवसाची सहल तळाशीलला. पुण्याहून यायचं कसं आणि घरच्यांसाठी काय आणू, एवढं सांगा. नाशिकची द्राक्षं आणायचा विचार आहे.

माहेर_आचरा

पुण्याहून मालवणची रात्रीची एसटी मिळाली तर उत्तम, आरक्षण आधीच कर. नाही तर कोल्हापूरला उतरून पुढची गाडी. मुंबईहून येणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस, कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पुण्याच्या एसटीला घाट रात्री लागतो, गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेव.

द्राक्षं सॅकमध्ये चेपतील, बेदाणे आण. आणि चिवडा, भरपूर. किनाऱ्यावर चहाबरोबर पाच जणांत वाटला जातो. चिवल्याजवळच्या माझ्या ओळखीच्या दोन घरांबद्दल तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. फोन तूच कर, आणि शाकाहारी असल्याचं पहिल्याच वाक्यात सांग.