रुळांकाठचा पालक आणि जड धातू

प्रश्न : मुंबईत लोहमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पालक आमच्याकडे नेहमी येतो, मिठाच्या पाण्यात धुतल्याने त्यातील शिसे व कॅडमियम निघून जाते का?

उत्तर १ : शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही, ते मुख्यतः पानांवरच्या धुळीत आणि देठांच्या बेचक्यात अडकलेल्या मातीत असते, म्हणून जुडी सोडून वाहत्या पाण्याखाली धुतल्यास बरेच कमी होते. कॅडमियम मात्र पानाच्या आत साठते, तेथे मीठ निरुपयोगी.

उत्तर २ : आम्लधर्मी मातीतून कॅडमियम अधिक शोषले जाते, चुन्याने ते घटते, पण हा उपाय पिकवणाऱ्याच्या हातात, आपल्या नव्हे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची पालेभाज्यांतील कॅडमियमसाठी कमाल मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. टोमॅटोत ते पालकापेक्षा कमी उतरते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. जुडीच्या बुडाशी काळा गाळ असतोच.