पाच हजारांची पिशवी: पर्यावरणाच्या नावाने भरलेले दंड (अनुभव धागा)

नौपाड्याची_माहेरवाशीण
होळी आली म्हणून काल माळ्यावरून पुरणयंत्राचा डबा काढला. बारीक जाळी गायब. तळाशी अंथरलेला पेपर उचलला तर खाली घडी घातलेली पावती. कार्बनची, निम्मी पुसलेली. रु. ५,०००/-. आईच्या नावातली वेलांटी चुकलेली.

जुलै २०१८. प्लास्टिकबंदी २३ जूनला लागू होऊन महिना-सव्वा महिना झालेला. अंगारकीच्या आदल्या दिवशी आई जांभळी नाक्यावर दुर्वा-जास्वंद आणायला गेली. हातात भाजीची कापडी पिशवी होती हो! पण पाऊस पडत होता, फुलं ओली, भाजीत चुरडतील म्हणून फुलवाल्यानेच ती पातळ दुधी रंगाची पिशवी दिली. फुंकर मारली तर उडेल अशी. चार पावलं गेली असेल, पथकाने अडवलं. तोवर फुलवाला टोपली उचलून गल्लीत पसार. आई म्हणाली, त्यानेच दिली, त्याला धरा. तर उत्तर मिळालं, "काकू, पिशवी तुमच्या हातात आहे."

पर्समध्ये ३४० रुपये. मला फोन आला तेव्हा मी कांजूरला ऑफिसात. पोचेपर्यंत तास गेला. ती एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली, दुकानदाराने पाणी दिलं होतं, आणि ती पिशवी पुरावा म्हणून त्यांच्याकडे. फुलं मात्र परत दिली, आईच्या ओंजळीत. तशीच धरून बसली होती. मी एटीएममधून पैसे काढून भरले. रिक्षात एकच वाक्य बोलली, "दादाला सांगू नकोस."

नंतर ती फुलांना स्टीलचा डबा न्यायची. फुलवाले हसायचे. २०२१ला ती गेली. पावती पुरणयंत्रात का लपवली असेल ते आत्ता कळतंय, तिथे दादा कधीच हात घालणार नाही.

असे दंड तुम्हाला कोणाला झालेत का? प्लास्टिक, झाड, कचरा, काहीही. लिहा.

कळवा_नाका
ताई 😔 ओंजळीचं वाचून कसंतरी झालं.

उपवनचा_बगळा
त्या दोन महिन्यांत कॅरीबॅग म्हणजे ब्राउन शुगर होती. आमचा मासेवाला आधी डावीकडे बघायचा, मग उजवीकडे, मग मांडीखालून काढून द्यायचा. बायको म्हणाली, पापलेट घेतोयस की चोरीचा माल.

सेक्टर_१५ची_राणी
बारीक जाळी सुटी मिळते गं, पण यंत्राचं माप घेऊन जा. मी तीन वेळा चुकीची आणली.

कोपरखैरणे_किराणा
दुकानाची बाजू पण ऐका. बाबांनी शहाणपणा करून 'कापडी' पिशव्या घेतल्या, त्या रंगीत, बंदाच्या, साडीच्या दुकानात देतात तशा. होलसेलवाला म्हणाला बिनधास्त वापरा, कापड आहे. पथकातल्या साहेबांनी एक धागा ओढला आणि लायटर लावला. कापड असतं तर राख झाली असती. इथे वितळून मोहरीएवढा काळा मणी झाला. म्हणजे नॉनवोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. ५,००० आणि दोनशे पिशव्या जप्त.

बाबांना दंडाचं दुःख नव्हतं, फसल्याचं होतं. मणी कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवला आणि होलसेलवाल्याला दाखवायला गेले. तो म्हणाला मी पण वरून असाच घेतला. वर म्हणजे कुठे, ते कोणी विचारत नाही, आणि तिथे पथकाची जीपही जात नाही.

पुढे मायक्रॉनचा, म्हणजे पिशवीच्या जाडीचा खेळ. केंद्राच्या नियमात ५०चे ७५ झाले ३० सप्टेंबर २०२१ला, ७५चे १२० झाले ३१ डिसेंबर २०२२ला. इथे राज्याचा नियम वेगळा, केंद्राचा वेगळा. आमच्याकडे आलेला माणूस पिशवी अंगठ्याने चोळून मायक्रॉन सांगायचा. आईच्या पोळ्या पण मोजल्या असत्या त्याने.

उपवनचा_बगळा
@कोपरखैरणे_किराणा मणी अजून आहे का? 😂

कोपरखैरणे_किराणा
आहे! गल्ल्यात, लक्ष्मीच्या फोटोमागे.

दिवा_फास्ट
सगळ्यांना सहानुभूती, पण एक विचारतो. दंड नको तर काय हवं? २६ जुलै २००५ला मी कळव्यात पोटापर्यंतच्या पाण्यात उभा होतो, नाल्यातून पिशव्या येत होत्या नुसत्या. दंडाची भीती नसेल तर आपल्यातला एक माणूस कापडी पिशवी नेणार नाही. मीही नाही.

आणि तुमच्या पाच हजारांची पावती तरी आहे. आम्ही डम्पिंगचा धूर वर्षानुवर्षं खाल्ला. आग लागली की खिडक्या बंद, पोरांचा खोकला सुरू. एकदा आमच्या वॉचमनने थंडीत वाळकी पानं पेटवली तर त्याला धरलं, उघड्यावर कचरा जाळला म्हणून. हरित लवादाचा डिसेंबर २०१६चा आदेश आहे, साधा कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. नियम चांगलाच आहे. पण त्या वॉचमनमामाच्या मागे, रुळांपलीकडे, धुराचा खांब उभा होता तेव्हा. मामा बोट दाखवत होता तिकडे, बोलत काहीच नव्हता. शेवटी आम्ही वर्गणी काढली.

नौपाड्याची_माहेरवाशीण
@दिवा_फास्ट बरोबर आहे हो. आईही बंदीच्या विरोधात नव्हती. फुलवाला सुटला याचाच राग होता तिला.

ऐरोलीचा_सेक्रेटरी
सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे शिव्या खायला नेमलेला माणूस.

आम्हाला नोटीस आली: तुम्ही 'बल्क वेस्ट जनरेटर' आहात, ओला कचरा आवारातच जिरवा, नाहीतर सात दिवसांत उचलणं बंद आणि दंड. तेव्हाच्या, २०१६च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असेल तर तुम्ही बल्क. आमचे ६४ फ्लॅट. १०० किलो कोणी मोजले? कोणीच नाही. नोटीस छापील, आमचं नाव फक्त पेनाने.

मग आम्हीच मोजायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा काटा आठवडाभर भाड्याने आणला. सकाळी साडेसहाला मी, खजिनदार आणि दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका (वय ७९, बँकेत होते, आकड्यांवर जीव) गेटपाशी. वहीत ओला, सुका, एकूण, तिघांच्या सह्या. सोमवार ७१, मंगळवार ६८, रविवारी मटणामुळे ८८. सरासरी ७४. काकांनी दशांश चिन्हापर्यंत काढली होती, मी गोल केली. वह्यांच्या झेरॉक्स घेऊन नोटीसवाल्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी मन लावून वाचलं, हसल्या पण. मग म्हणाल्या, वजनात सुटलात, पण नियमात गेटेड सोसायटीला ५,००० चौरस मीटरचीही अट आहे आणि तुमचा प्लॉट ५,२०० आहे.

वजनात सुटलो, क्षेत्रफळात अडकलो. घ्यावं लागलं खताचं मशीन. आज त्यावर वॉचमनची बायको गोधड्या वाळत घालते, कारण मशीनचा दुरुस्तीवाला पुण्याहून येतो आणि यायचे वेगळे पैसे घेतो. ओला-सुका मात्र आम्ही वेगळा करतो, इमानदारीत. गाडी येते आणि दोन्ही डबे एकाच पोटात रिकामे करते. जोशीकाकांनी त्याचाही व्हिडिओ काढलाय, तारीखवार.

सेक्टर_१५ची_राणी
जोशीकाका 😍 आमच्या बिल्डिंगला भाड्याने द्या.

ऐरोलीचा_सेक्रेटरी
काट्यासकट देतो.

दिवाळे_कोलीवारा
आमचा विषय थोरा वेगला. आज्याचं घर, कौलं फुटली, पत्रे टाकले आणि जाळी ठेवायला मागं एक पडवी. नोटीस सीआरझेडची, म्हंजी किनाऱ्याजवलच्या बांदकामाचा कायदा. आज्या म्हनाला, १९९१ला कायदा आला, घर त्याच्या आदीचं, खाडी पन माजी आदीचीच. साहेब म्हनला कागद दाखवा. आमच्याकरं कागद नाय, आमच्याकरं होरी हाय.
मच्छीमारांना घर दुरुस्त करायची मुभा नियमातच हाय, हे वकिलाने सांगितलं, पैशे घेऊन. आदी कोन सांगत नाय. समोरून रोज टॉवरची लाईट घरात येते, तो कंचा झोन ते इचारू नये.

कळवा_नाका
भावा टॉवरचं नको काढू, धागा बंद होईल 😄

पीयूसी_संपली
रिक्षा चालवतो. पीयूसी दोन दिवस उलटली होती, पासिंगच्या गडबडीत राहिली. चलन फोनवर. २०१९च्या केंद्राच्या कायद्यात १०,००० पर्यंत आहे म्हणतात, मला तेवढा नाही लागला, पण तीन दिवसांचा धंदा गेला. आता खरी गंमत ऐका, नंतर पीयूसी काढायला गेलो तर त्याने नळी सायलेन्सरला लावलीच नाही. नंबरप्लेटचा फोटो काढला, प्रिंट दिली. धूर कोणी बघितला? गिऱ्हाईक आलं, जातो.

वाशी_रोहाऊस
झाडाचा आमचा. दारातल्या आंब्याची फांदी किडलेली, खाली शाळेच्या व्हॅनचा स्टॉप. रीतसर अर्ज केला. १९७५चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय फांदीला हात लावायचा नाही, आम्ही लावला नाही. पावसाच्या आधी अर्ज, पावसानंतर आठवण, मग दुसरी आठवण. पुढच्या जूनमध्ये फांदी स्वतःच उतरली, रात्री, माझ्या स्कूटरवर. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. सकाळी रस्ता मोकळा करायला आम्ही ती करवतीने कापली आणि कोणीतरी फोटो काढून पाठवला. चौथ्या दिवशी नोटीस: विनापरवाना वृक्षतोड. अर्जाला तेरा महिने, नोटिशीला चार दिवस.

स्कूटरचे फोटो, अर्जाच्या पोच, सगळं दिल्यावर प्रकरण 'दप्तरी दाखल' झालं. म्हणजे मिटलं का, विचारलं. म्हणे, म्हणजे दाखल झालं.

सेक्टर_१५ची_राणी
हापूस की रायवळ?

वाशी_रोहाऊस
रायवळ. लोणच्याला एक नंबर.

सेक्टर_१५ची_राणी
मग यंदा कैऱ्या लागल्या की कळवा. 🙏

निवृत्त_माणूस
नाव, शहर विचारू नका. मी त्या जीपमध्ये बसणारा होतो.

माहेरवाशीण ताई, तुमच्या आईंसारख्या बायका आठवतात. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, असा तक्ता होता. फुलं घेणारी बाई आणि गोदामवाला, दोघांना तोच. शंभर-दोनशेची रक्कमच छापलेली नाही. म्हणजे माझ्या हातात दोनच गोष्टी, पाच हजार लिहायचे नाहीतर बघितलंच नाही म्हणायचं. मी पुष्कळदा बघितलं नाही. "आजी, ती पिशवी त्या डब्यात टाका आणि सरळ जा." पण संध्याकाळी ग्रुपवर आकडा टाकावा लागायचा, आज किती पावत्या. शून्य लिहिलं की फोन. मग शेवटच्या तासात जो उभा सापडेल तो. पळणारा सापडत नाही, पळणाऱ्याला धंद्याची सवय असते. थांबतो तो साधा माणूस.

पहिला गुन्हा की दुसरा, याची वही आमच्याकडे कधीच नव्हती. सगळे जन्मभर पहिलेच.

आणि गोदामं माहीत होती. तिथे आम्हाला पाठवत नसत. याहून जास्त लिहीत नाही.

दुसरी बाजूही लिहितो. नाल्यात उतरणारी आमची पोरं बघितली आहेत मी, हाताला पिशव्यांचा गाळ, त्यात काचा. बंदी चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.

नौपाड्याची_माहेरवाशीण
काका, लिहिलंत त्याबद्दल आभार. राग आला वाचताना, खोटं नाही सांगत. शेवटच्या तासाचं वाचून पावतीवरची वेळ बघायला गेले. पुसलेली आहे.

खारेगाव_वकील
घाईत लिहितोय, कोर्टात आहे. कोणी अडवलं तर: पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही, पावतीवर कलम लिहून घ्या, अधिकाऱ्याचं ओळखपत्र बघा, फोटो काढा. वाद घालू नका, लेखी द्या.
आणि मोठ्या कायद्यात बदल झालाय. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १०,००० ते १५ लाख दंड ठेवला, १ एप्रिल २०२४पासून. आता दंड कोर्ट ठरवत नाही, सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो, अपील हरित लवादाकडे. काहींना वाटतं सुटलो. मला विचाराल तर न्यायाधीशासमोर निदान उभं राहून बोलता यायचं. पुकारा झाला, जातो.

कोपरखैरणे_किराणा
दुधाच्या पिशवीचे ५० पैसे कोणाला मिळाले का कधी? रिकामी पिशवी परत द्या, ५० पैसे घ्या, असं त्याच बंदीत होतं. माझ्या आजीने ८० पिशव्या धुऊन, वाळवून, रबर लावून ठेवल्या होत्या.

उपवनचा_बगळा
४० रुपये! आजी श्रीमंत.

कोपरखैरणे_किराणा
डेअरीवाला म्हणाला, आमच्याकडे तसं काही आलं नाही. आजी म्हणाली, तो गोडबोल्या आहे, मी थांबते. अजून थांबली आहे. आता १४० झाल्यात.

कळवा_नाका
@नौपाड्याची_माहेरवाशीण जाळीचं काय झालं? भांडी गल्लीत शेवटून तिसरं दुकान, म्हातारे बसतात, जुन्या मापाच्या सुट्या जाळ्या ठेवतात.

नौपाड्याची_माहेरवाशीण
आजच जाऊन आले. मिळाली, ६० रुपये. म्हाताऱ्यांनी कागदात गुंडाळून सुतळीने बांधून दिली. त्या पायरीवरच उभी होते मी बहुतेक. विचारलं नाही त्यांना.

सेक्टर_१५ची_राणी
माप बरोबर बसलं ना?