कमळाचं पान तेलापुढे हरतं
काही जण म्हणतात की कमळाच्या पानासारखं कोटिंग मारलं की कुठलंच लिक्विड चिकटणार नाही, पण तसं नाहीये. पानावरच्या मेणचट बारीक उंचवट्यांमध्ये हवा अडकते, थेंब त्या हवेवर तरंगतो म्हणून पाणी घरंगळतं, तेलाचा पृष्ठताण (थेंबाला गोल धरून ठेवणारी ओढ) कमी त्यामुळे ते सरळ खाली झिरपतं आणि हवा गेली की खेळ खल्लास. शिवाय घासलं की उंचवटे झिजतात ते वेगळंच. मला घटपर्णीची (किडे खाणारी, सुरईसारख्या पानांची वनस्पती) आयडिया जास्त आवडते, तिच्या काठावर पाण्याचा पातळ थर असतो त्यावरून मुंग्या घसरतात, त्यावरूनच हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्गच्या टीमने २०११ मध्ये सच्छिद्र पृष्ठभागात वंगण मुरवलं आणि त्यावरून तेल, रक्त सगळंच घसरलं. अर्थात वंगण हळूहळू संपतं, तिथेच खरी गोची आहे.