घोड्यांची ओढ उपजीविकेत आणि कलेत कशी उतरवावी?

प्रश्न

नमस्कार. माझे वय 29 वर्षे असून गेली सहा वर्षे मी हिशेबाच्या कामात आहे. घोड्यांचे वेड लहानपणापासूनचे आहे, पण प्रत्यक्ष रपेट शिकायला मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीचा दिवस तबेल्यात जातो, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर त्या दिवशी पाहिलेले घोडे मी वहीत काढते. अशा पाच वह्या भरल्या आहेत. घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिल्यावर मनाला जी स्वस्थता लाभते, ती मला दिवसभराच्या कामात कधीच मिळत नाही, त्यामुळे पुढची वर्षे याच प्राण्याच्या सहवासात घालवावीत हा विचार आता मनातून जाता जात नाही.

माझे घोडे अडते ते पुढच्या पावलाशी. स्पर्धेत उतरणारी स्वार होण्याचे वय निघून गेले असावे, असे मला वाटते. मग रपेटीखेरीज घोड्यांशी निगडित असे कोणते काम आहे, ज्यावर माणूस खरोखर पोट भरू शकतो? चित्रकलेचा उपयोग त्यात करून घेता येईल का? माझ्या चित्रांत घोड्याचे डोके आणि मान बरी जमते, परंतु पाय, विशेषतः मागचे पाय, नेहमी फसतात. हातची नोकरी सोडून एकदम यात उडी घ्यावी की हळूहळू वळावे, याबद्दलही अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

प्रतिसाद 1

मी अकरा वर्षे तबेल्यात काम करते आहे. आधी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी, होते, नंतर घोडे फिरवून त्यांना तयार करण्याचे काम केले, आणि आता नवशिक्यांना रपेट शिकवते. तुम्हाला सर्वांत आधी हे सांगावेसे वाटते की घोड्यांच्या सान्निध्यातले बहुतेक काम त्यांच्या पाठीवर बसून होत नाही, ते जमिनीवर उभे राहून होते. साधारण 500 किलो वजनाच्या घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज साडेसात ते दहा किलो वैरण आणि 25 ते 45 लिटर पाणी लागते. ते कोणीतरी वाहून आणायचे असते आणि लीदही कोणीतरी रोज काढायची असते. पाऊस असो, सण असो, स्वतःच्या अंगात कणकण असो, घोड्याची भूक थांबत नाही. हे काम करताना तुमचे लक्ष घड्याळाकडे जाते की घोड्याकडे, हे स्वतःला तपासून पाहा. रपेटीच्या तासाभरात ते कळत नाही.

मला स्वतःला या कामाची गोडी खरारा करताना, म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करताना, आणि खूर साफ करताना लागली. मी घोड्याच्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभी राहते आणि हात खांद्यावरून खाली नळीच्या मागून घोट्यापर्यंत सरकवत नेते. ओळखीचा घोडा तेवढ्यानेच वजन बाकीच्या तीन पायांवर घेतो आणि खूर आपणहून हातात देतो. तळव्याच्या मधोमध जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतली माती आकड्याने टाचेकडून टोकाकडे काढायची, आणि मग वास घ्यायचा. सडका, उग्र वास आला आणि काळा ओलावा दिसला, तर जमीन ओली राहते आहे किंवा आदल्या दिवशी कोणीतरी खूर नीट पाहिलेला नाही, असे समजावे. शेवटी खुराच्या भिंतीला पंजा लावून चारही खुरांची ऊब ताडून पाहायची. एकच खूर बाकीच्या तिघांहून गरम लागला, तर माझ्या घोड्यावर त्या दिवशी खोगीर चढत नाही आणि वैद्याला निरोप जातो. ही पाच-सात मिनिटे मला आजही दिवसातली सर्वांत मोलाची वाटतात.

वयाबद्दल म्हणाल, तर अव्वल स्पर्धांची गोष्ट वेगळी आहे, पण शिकवणे, घोडे सांभाळणे आणि तयार करणे यांसाठी एकोणतिसावे वर्ष मुळीच उशिराचे नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी देते. त्या आधीपासून निष्णात स्वार होत्या, पण 1944 मध्ये पोलिओ झाल्यावर त्यांच्या गुडघ्यांखालच्या पायांतली शक्ती गेली. ऑलिंपिकमधल्या ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली सफाईने करून घेण्याच्या, प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदा 1952 मध्ये, हेलसिंकीला उतरता आले, आणि त्याच वर्षी त्यांनी रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना मदत लागत असे, पण खोगिरात बसल्यावर त्यांनी घोड्याशी पाठीच्या आणि वजनाच्या सूक्ष्म हालचालींनी संवाद साधला. रपेटीत ताकदीपेक्षा तोल किती मोठा असतो, हे त्यावरून कळते, आणि तोल कोणत्याही वयात शिकता येतो. त्यांच्या उदाहरणामुळे अपंग व्यक्तींसाठीच्या उपचारात्मक रपेटीलाही मोठी चालना मिळाली. त्या क्षेत्रात आज घोडा धरून चालणारी, बाजूने आधार देणारी आणि शांत स्वभावाचे घोडे निवडून तयार करणारी माणसे लागतात. प्रत्यक्ष उपचार मात्र प्रशिक्षित उपचारतज्ज्ञच करतात, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

एक सावधगिरीची गोष्ट. सुरुवातीला एका तबेल्यात मी रोज पाच तास काम करावे आणि त्या बदल्यात मला रपेटीचे शिक्षण मिळावे, असे तोंडी ठरले होते. आठ महिन्यांत मला मोजून नऊ वेळा घोड्यावर बसायला मिळाले, आणि तक्रार करायला हातात कागद नव्हता. घोड्यांवरच्या प्रेमापोटी माणूस फुकट राबायला तयार होतो, हे मालकांना ठाऊक असते. तास, मोबदला आणि अपघात झाल्यास खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

प्रतिसाद 2

मी चित्रकार आहे आणि माझ्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग घोड्यांच्या चित्रांतून येतो, म्हणून तुमच्या पायांच्या अडचणीबद्दल सविस्तर लिहितो.

मागचे पाय फसतात, कारण आपण त्यांत माणसाचा पाय शोधतो आणि चुकीच्या ठिकाणी गुडघा कल्पितो. घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर जो मागे टोक आलेला सांधा दिसतो, तो गुडघा नव्हे. ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीपाशी असतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट आहे. त्याच्या खालची नळी म्हणजे तळहाताचे एकच लांबलेले हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. स्वतः हातापायांच्या बोटांवर उभे राहून टाच आणि मनगट उचला, म्हणजे घोडा कसा उभा आहे हे तुमच्या शरीरालाच कळेल. आणखी एक गोष्ट खांद्याच्या चित्रणात उपयोगी पडते. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मध्ये केवळ स्नायूंनी झुलत धरलेली असते. हे ठाऊक असले की खांदा बरगड्यांवर घट्ट चिकटवल्यासारखा निघत नाही, चालताना तो मागेपुढे सरकतो हे रेषेत येते.

जॉर्ज स्टब्ज या इंग्लिश चित्रकाराने सुमारे 18 महिने एका खेड्यात राहून मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन केले, थरावर थर उलगडत त्यांची रेखाटने केली आणि 1766 मध्ये ती कोरून प्रसिद्ध केली. रोझा बोनर या फ्रेंच स्त्री चित्रकाराने 1850 च्या दशकात घोडेबाजाराचे आपले पाच मीटर रुंदीचे चित्र रंगवण्याआधी दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, पॅरिसच्या घोडेबाजारात बसून रेखाटने केली, आणि कोणी त्रास देऊ नये म्हणून त्या पुरुषी वेशात जात असत. तुमच्या पाच वह्या ही त्याच मार्गावरची सुरुवात आहे असे मी मानतो, फक्त आता संध्याकाळी आठवून काढण्याऐवजी दावणीशी बसून पाहता पाहता काढा.

गतीबद्दलही लिहायलाच हवे. भरधाव घोड्याचे चारही पाय पुढे-मागे ताणलेले आणि जमिनीपासून सुटलेले, असे चित्र शतकानुशतके काढले जात होते. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे, हे स्पष्ट झाले. डोळ्याला जे दिसत नाही ते कानाला ऐकू येते, म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी टापा मोजायला लावतो: चालीत चार ठोके, दुडकीत दोन, संथ दौडीत तीन आणि भरधाव दौडीत पुन्हा चार. दुडकीत समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतले पाय जोडीने उचलले जातात. ही लय ज्याला पाठ आहे, त्याला सचेतनपटांत (ॲनिमेशनमध्ये) आणि संगणकीय खेळांच्या चित्रणातही काम मिळते, कारण तिथे घोड्याची चाल चुकली की ती अडाणी नजरेलाही खटकते.

पोट भरण्याचा मार्ग म्हणाल, तर मालकाच्या मागणीवरून एका विशिष्ट घोड्याचे चित्र काढणे हे माझे मुख्य काम आहे. त्यात सौंदर्यापेक्षा ओळख महत्त्वाची असते. कपाळावरचा पांढरा ठिपका कोणत्या बाजूला झुकतो, कोणत्या पायाला पांढरा मोजा आहे, आयाळ कोणत्या बाजूला पडते, यांतली एक गोष्ट चुकली तरी मालक म्हणतो, ‘हा माझा घोडा नाही’, आणि ते योग्यच असते. आकार, मुदत आणि किती वेळा दुरुस्ती करायची हे आधी ठरवून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. छायाचित्र समोर ठेवून काढणार असाल, तर ते लांबून, घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर कॅमेरा धरून घ्या. जवळून घेतले की डोके मोठे आणि मागचा भाग चिमुकला येतो, आणि तो दोष जसाच्या तसा चित्रात उतरतो.

प्रतिसाद 3

मी पशुवैद्य आहे. वरील दोघांनी सांगितलेले पटले; थोडी भर घालतो.

नालबंद, घोड्यांच्या दातांची निगा राखणारे आणि खोगीर बेतून देणारे कुशल लोक नेहमीच कमी पडतात. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात, त्यामुळे चांगल्या नालबंदाला काम शोधत फिरावे लागत नाही. मात्र त्या कामात कंबर लवकर झिजते, हे एकोणतिसाव्या वर्षी विचारात घ्यावे. खोगिराचे काम तुमच्यासारख्या रेषेची जाण असलेल्या व्यक्तीला जमेल असे मला वाटते. खोगीर कण्यावर टेकता कामा नये आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. चुकीच्या दाबाने पाठीवर पांढरे केस उगवतात, आणि मी ते पाहिले की आजार शोधण्याआधी खोगीर मागवतो.

कोणताही मार्ग निवडा, पण निरोगी घोड्याचे आकडे पाठ करा: विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. वैरण सोडून तो वारंवार आपल्या कुशीकडे वळून पाहू लागला, पाय पोटाकडे मारू लागला किंवा लोळू लागला, तर वाट पाहू नका, लगेच वैद्याला बोलवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. या सुट्टीला मी रपेट घेतली नाही. परवानगी घेऊन तीन घोड्यांचा खरारा केला आणि खूर साफ केले, मग एका म्हाताऱ्या घोडीच्या मागच्या पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि तिथेच बसून तो पाय काढला. कातडीच्या घडीपाशी गुडघ्याचे हाड हाताला लागले, तेव्हा चार वर्षे मी काय चुकत होते ते कळले. नोकरीबद्दल मात्र मन अजून दोलायमान आहे.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

नोकरी एवढ्यात सोडू नका. कामाचे तास कमी करून घेता आले तर घ्या, आणि आठवड्यातले दोन दिवस वर्षभर तबेल्यात द्या, म्हणजे पावसाळा आणि कडक उन्हाळा दोन्ही अंगावरून जातील. हिशेबाचे तुमचे ज्ञान वाया गेलेले समजू नका. मी पाहिलेले दोन तबेले घोड्यांच्या आजाराने नव्हे, वैरणीचा आणि नालबंदीचा खर्च न मांडल्याने बंद पडले. आमच्याकडे वही नीट ठेवणारे आणि घोडाही नीट हाताळणारे माणूस कधीच मिळत नाही. तुमची पहिली पगारी जागा कदाचित तिथूनच उघडेल.

प्रतिसाद 2 (पुन्हा)

त्या घोडीचा तोच पाय आता तीन वेळा काढा: वजन घेऊन उभा असताना, विश्रांतीसाठी खुराचे टोक टेकवून ढिला सोडलेला असताना, आणि दुडकीत उचललेला असताना. गुडघा वाकला की टाचेचा सांधाही बरोबरच वाकतो. घोड्याला एक सरळ ठेवून दुसरा वाकवता येत नाही. तिन्ही रेखाटनांत हे दोन कोन एकमेकांशी जुळतात का, एवढेच तपासा आणि मग इथे चित्रे द्या, मी पाहून सांगतो.