४,२९,४९,६७,२९७ : संख्येचे गुणधर्म की अंकांचा खेळ?

निवृत्त गणितशिक्षक, सात रस्ता
आपल्या सोलापुरातील एका शाळेच्या गणित प्रदर्शनात या संख्येचा मोठा तक्ता लावला होता. संख्या विषम आहे, तिचे विभाजक चार आहेत, अंकांची बेरीज ५९ ही मूळ संख्या येते, असे आठवीच्या मुलींनी सुबक अक्षरात लिहिले होते. मात्र २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ही संख्या मूळ असावी असे फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० च्या सुमारास मानले आणि १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी ६४१ × ६७,००,४१७ असे तिचे अवयव काढले, ही खरी गोष्ट तळाशी एका ओळीत उरकली होती. अंकांची बेरीज हा संख्येचा गुणधर्मच नव्हे. तो आपल्या दशमान लेखनाचा परिणाम आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर दोन्ही टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये येतात, म्हणजे बेरीज २ होते. अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहतात.

गणित शिक्षिका, जुळे सोलापूर
सर, आपला आदर राखून असहमती नोंदवते. १० ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून अंकांच्या बेरजेला ९ ने भागून जी बाकी येते तीच त्या संख्येचीही असते. ५९ ची बाकी ५. ऑयलर यांच्या अवयवांची बाकी अनुक्रमे २ आणि ७. गुणाकार १४, त्याची बाकी पुन्हा ५. दहा अंकी गुणाकाराची अशी पडताळणी मुलगी तोंडी करू शकत असेल, तर त्याला खेळ कसे म्हणायचे? देवळालीचे गणिती कापरेकर हेही शाळाशिक्षकच होते. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ येते; या संख्येमुळे ते जगाला माहीत झाले ते अंकांशी खेळूनच.

निवृत्त गणितशिक्षक, सात रस्ता
पडताळणी मान्य. पण ५९ स्वतः मूळ आहे, याचा उपयोग काय?

अभियंता, होटगी रोड
काहीच नाही, तो निव्वळ योगायोग. माझा आक्षेप वेगळा आहे : ६४१ ने भाग का जातो, हे तक्त्यावर कुठेच नव्हते, आणि ते तर चार ओळींत मावते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × २ चा ७ वा घात याची बाकी उणे १ धरता येते आणि चौथा घात घेतल्यावर ६२५ × २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ + १६. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ ठेवले की २ चा ३२ वा घात याची बाकी उणे १ ठरते, आणि त्या घातात १ मिळवल्यावर भाग नि:शेष जातो.

निवृत्त गणितशिक्षक, सात रस्ता
अगदी हेच तक्त्याच्या मधोमध हवे होते. सोबत हेही लिहावे, की या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचव्या खेपेलाच ६४१ हाती लागतो.

गणित शिक्षिका, जुळे सोलापूर
लिहावे जरूर, पण ६४ चा हा नियम आठवीतल्या मुलीला सिद्ध करता येणार नाही, तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून ती मानेल. नवाची कसोटी तिला स्वतः फळ्यावर सिद्ध करून दाखवता येते, म्हणून माझ्या वर्गात आधी तीच शिकवली जाईल.