मलेशिया नोव्हेंबर – आपली मंडळी

मंदाआत्या: एजंटने पाठवलेला कार्यक्रम आत्ता वाचला. गेंटिंगच्या डोंगरावर दोन रात्री आणि मलाक्का गायब? जूनमध्ये सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

राजूदादा: आत्या, मी नाही काढलं. सात दिवसांत सगळं बसत नाही. पोरांना केबल कार हवीय.

नंदूकाका: तिथे उतरल्या दिवसापासून पासपोर्ट सहा महिने चालू हवा. पहिल्या पानाचा फोटो टाका.

स्मिता वहिनी: केबल कारसाठी दोन रात्री कशाला? सकाळी जाऊन संध्याकाळी क्वालालंपूरला परत येता येतं.

शैलू: पेरहेंतियन बेटांवर स्नॉर्केलिंग 🐠🐠

प्राची: नोव्हेंबरात तिकडे पूर्व किनाऱ्यावर पाऊस. बेटांवरची बहुतेक हॉटेलं बंद असतात.

मंदाआत्या: विषय बदलू नका. सेंट झेवियरचं शव गोव्यात आणण्याआधी 1553 साली मलाक्कात टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चमध्ये पुरलं होतं. ती मोकळी कबर अजून आहे, वर जाळी. ओल्ड गोव्याच्या फेस्ताला मी लहानपणापासून जाते. मला ती जागा बघायचीय. आणि नदी ओलांडली की 1781 चं गणपतीचं देऊळ, त्याच्या शेजारीच मशीद, पुढे चिनी देऊळ. मशिदीचा मिनार पॅगोड्यासारखा आहे. हे सोडून मॉलमध्ये फिरायचं?

राजूदादा: तसं तर पेनांगलाही आहे. तिथलं जॉर्जटाउन आणि मलाक्का दोन्ही 2008 ला एकत्रच युनेस्कोच्या यादीत गेलीत.

मंदाआत्या: पेनांग लांब. मलाक्का क्वालालंपूरहून दोन तास.

विमलकाकू: मला शाकाहारी काय मिळेल ते आधी सांगा. बँकॉकला पाच दिवस केळी खाल्ली, कोणी विचारलं नाही.

राजूदादा: काकू, विचारलं होतं.

विमलकाकू: एकदा. विमानतळावर.

प्राची: काकू, तिथे साध्या पालेभाजीतही बेलाचान घालतात, कोलंबी आंबवून केलेलं. म्हणून तमिळ लोकांच्या शुद्ध शाकाहारी खानावळीत जायचं, केळीच्या पानावर जेवण. रोटी चनाय म्हणजे तिथला पराठा, त्याच्याबरोबर डाळच मागायची, नाहीतर माशाची करी येते.

बाळूमामा: नासी लमाक म्हणजे आपला नारळीभात, वर सुकी मासळी 😄

मंदाआत्या: नारळीभात गोड असतो, बाळू.

नंदूकाका: पासपोर्ट सहा महिने चालू हवा. अजून चारच फोटो आलेत.

विमलकाकू: बाटू केव्ह्जच्या गुहेतल्या देवळाच्या 272 पायऱ्या मला झेपायच्या नाहीत. गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहे.

प्राची: मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, 42.7 मीटरची मूर्ती खालीच आहे. रामायण गुहाही खालीच, बाहेर मोठा हनुमान. तुम्ही तिथे थांबा, मी थांबते तुमच्याबरोबर. फक्त हातात पिशवी नको, माकडं ओढतात.

विमलकाकू: बरं वाटलं गं.

राजूदादा: एजंटशी बोललो. गेंटिंगची एक रात्र काढून मलाक्काला एक रात्र. शनिवारी पोचू, म्हणजे जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार मिळेल. तो शुक्रवार ते रविवारच असतो. कोणाला अडचण?

स्मिता वहिनी: नाही.

शैलू: 👍

नंदूकाका: विमल, तुझा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. तीन आठवडे तेच सांगतोय. उद्या सकाळी अर्ज भरायला बसू. बाकीच्यांनीही तारीख बघा. तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एमडॅकचा, म्हणजे मलेशियात प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्मही भरायचाय.

विमलकाकू: आधी फोन नाही का करायचा? येते नऊला.

मंदाआत्या: राजू, मलाक्का नक्की ना? तसं एजंटकडून लेखी घे.