मागची काच: डिफॉगर तपासूनच गाडी ताब्यात घ्या

गाडीची मागची काच तडकली तर रेझिन (तडा भरून काढणारा पारदर्शक चिकट पदार्थ) भरून काम भागेल असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. रेझिन चालतं पुढच्या काचेला, कारण तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. मागची सहसा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली एकाच थराची काच असते. फुटली की तिचे खड्यांसारखे तुकडेच होतात, त्यामुळे बदलण्याला पर्याय नाही.

माझी काच बदलली तेव्हा डिफॉगरच्या (काच गरम करून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) वायरी जोडायच्याच राहिल्या. पावसाळ्यात घाटात मागचं काहीच दिसेना, तेव्हा कळलं. म्हणून गॅरेजमध्येच बटण दाबून काच कोमट होते का बघा. शिवाय डिकीच्या कप्प्यांतले आणि सीटखालचे तुकडे व्हॅक्यूमने काढून घ्या, विशेषतः मुलं मागे बसत असतील तर.